देवघेवीची नोंद पुसताना

सकाळी सव्वानऊला आमच्या ग्रंथपाल ताईंचा फोन आला. "काका, संगणक सुरू होतोय, पण एकही फाइल उघडत नाहीये." वाचनालय माझ्या घरापासून चालत सात मिनिटांवर, बडोद्यात दांडिया बाजारच्या आतल्या गल्लीत. पोचलो तेव्हा प्रत्येक फाइलच्या नावाला एक अनोळखी शेपूट चिकटलेलं होतं आणि पडद्याच्या मधोमध इंग्रजी चिठ्ठी होती: ७२ तासांत बिटकॉइनमध्ये रक्कम भरा, नाहीतर फायली उघडणारी किल्ली कायमची नष्ट होईल. ताई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. "माझ्याकडून काही चुकीचं दाबलं गेलं का हो?" हेच त्या पुन्हापुन्हा विचारत होत्या.

त्यांची काही चूक नव्हती. चूक आम्हा कार्यकारिणीची होती. संगणकावर विंडोज ७ होतं, तेही विकत न घेता कुणाकडून तरी टाकून घेतलेलं. त्या आवृत्तीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० रोजीच थांबले होते. घरी बसून दुरुस्ती करता यावी म्हणून बाहेरून लॉगिन करायची वाट दिवसरात्र उघडी, आणि तिचा पासवर्ड म्हणजे वाचनालयाचाच फोन नंबर. नंतर संगणकाने आपोआप ठेवलेल्या नोंदी, म्हणजे लॉग, चाळले तेव्हा दिसलं, कुणीतरी तीन रात्री पासवर्ड लावून बघत होतं. चौथ्या रात्री लागला.

पैसे द्यायचे नाहीत हे तासाभरात ठरलं. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली. डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी मिळून २०१६ मध्ये 'नो मोअर रॅन्सम' नावाचा उपक्रम सुरू केला आहे, तिथे कुलूपबंद फायलींच्या किल्ल्या फुकट मिळतात. आमच्या फाइलचा नमुना तिथे टाकून पाहिला, किल्ली नव्हती. हाताशी उरलं ते एका पेनड्राइव्हवरचं चौदा महिन्यांपूर्वीचं पुस्तकांच्या यादीचं एक्सेल, आणि कपाटातल्या सहा दाखल नोंदवह्या. लाल कापडी बांधणी, शाईचं अक्षर, एकही पान गेलेलं नाही.

गेलं ते देवघेवीचं सगळं. कुणी कुठलं पुस्तक कधी नेलं, कधी आणून दिलं, नऊ वर्षांचा हिशेब. ३४० सभासदांना फोन करून "आमचं कुठलं पुस्तक तुमच्याकडे आहे?" असं विचारावं लागलं. लोकांनी प्रामाणिकपणे सांगितलं आणि जवळजवळ सगळी पुस्तकं आली. बाकीचे त्या नोंदी गेल्या म्हणून हळहळत होते. मला मात्र आतून बरं वाटत होतं, आणि त्याला कारण होतं.

त्याआधी दोनेक वर्षांपूर्वी एक गृहस्थ वाचनालयात आले होते. चांगले परिचयातले. त्यांची मुलगी आमची सभासद, तेवीस-चोवीस वर्षांची. "आमची कन्या हल्ली काय वाचते, जरा बघून सांगा ना," म्हणाले. तेव्हाच्या मदतनिसाने लगेच यादी उघडली आणि वाचून दाखवली. शेवटच्या दोन नोंदी जात-धर्म वेगळे असले तरी लग्न करू देणाऱ्या विशेष विवाह कायद्याची माहिती देणाऱ्या पुस्तकांच्या होत्या. गृहस्थांनी यादी फोनमध्ये टिपून घेतली, आभार मानले आणि गेले. मी चार पावलांवर वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो, आणि काही बोललो नाही. पंधरा दिवसांनी भावाच्या हाती पुस्तकं परत आली. त्याने अनामत मागून घेतली. ती मुलगी पुन्हा दिसली नाही.

त्या दिवशी कुणी काही फोडलं नव्हतं. नोंद होती, मागणारा आला आणि त्याला ती मिळाली. माझी बोच हीच होती. म्हणून नवी व्यवस्था निवडताना सगळ्यांना फायली पुन्हा कुलूपबंद होऊ नयेत एवढंच हवं होतं, आणि मला त्यासोबत हेही हवं होतं की जे साठवायचं कारणच नाही ते साठवलंच जाऊ नये.

एका विक्रेत्याने वर्षाच्या भाड्यावर तयार प्रणाली देऊ केली होती. मी विचारलं, परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी कुठे राहतात आणि त्या आम्हाला पुसता येतील का? "ते आमच्याकडे अगदी सुरक्षित असतं," एवढंच उत्तर मिळालं. मग मी कार्यकारिणीपुढे कोहा हे ग्रंथालय चालवायचं सॉफ्टवेअर ठेवलं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती, म्हणून त्यांनी ही नवी लिहून घेतली आणि ३ जानेवारी २००० रोजी वापरात आणली. मग जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना खुली केली: वापरा, उघडून बघा, बदला, वाटा, आणि बदललेलं वाटलंत तर याच अटींवर वाटा. कोहा हा माओरी शब्द आहे. त्याचा अर्थ भेट, पण परतफेडीची जाणीव बाळगून घेतलेली. आपल्याकडे आहेर लक्षात ठेवून त्या घरच्या कार्यात परत करतात, तसं.

खजिनदार काकांचा आक्षेप लगेच आला. "कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे चोरालाही दिसतो. कुलपाचा नकाशा चौकात लावल्यासारखं झालं हे."

प्रश्न रास्त होता आणि मी तो टाळला नाही. इंटरनेटवरची देवाणघेवाण कुलूपबंद ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही चूक उघड्या कोडमध्ये दोन वर्षं पडून होती, ती जगासमोर आली २०१४ च्या एप्रिलमध्ये. पण मी त्यांना २०२४ च्या मार्चमधलं एक्सझेडचं प्रकरणही सांगितलं. एक्सझेड हे फायली आवळून लहान करणारं छोटंसं साधन, लिनक्स या खुल्या संगणक प्रणालीच्या जवळजवळ प्रत्येक प्रकारात असतं. कुणीतरी दोन-अडीच वर्षं खपून, विश्वास मिळवून, त्यात चोरवाट पेरली होती. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याला आपल्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. तो खोदत गेला आणि ती वाट उघडकीला आली. खोदायला कोड हाताशी होता म्हणून खोदता आलं. बंद पेटी असती तर तक्रार लिहून उत्तराची वाट बघण्यापलीकडे त्याला काय करता आलं असतं?

"म्हणजे बघणारं कुणीतरी लागतं," काका म्हणाले. लागतंच. आणि दुरुस्ती निघाली की ती आपल्या यंत्रावर वेळेवर चढवणारंही लागतं. दर आठवड्याला अपडेट तपासायचे आणि त्याची सही वहीत करायची, हे त्यांनीच इतिवृत्तात घालून घेतलं.

जुन्या संगणकात एसएसडी ही नवी वेगवान डिस्क बसवली, डेबियन हे लिनक्स आणि कोहा चढवलं, दोन संध्याकाळी गेल्या. खरा घाम काढला तो मराठीने. ते एक्सेल जुन्या खासगी फॉन्टमध्ये टाइप केलेलं होतं. तो फॉन्ट नसेल तर अकरा हजार पुस्तकांची नावं म्हणजे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. आपलीच यादी, आपल्याच माणसांनी टाइप केलेली, आणि ती वाचायला दुसऱ्याच्या मालकीचा फॉन्ट लागतो. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या सार्वत्रिक अक्षरसंकेतात, आणण्यासाठी मी पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिला. अक्षरामागे अक्षर बदलणं सोपं आहे, पण जुने फॉन्ट लिपी जशी दिसते तशी साठवतात आणि युनिकोड जशी उच्चारतो तशी. 'निर्णय' हा शब्द घ्या. जुन्या फाइलमध्ये त्याचा क्रम होता: आधी पहिली वेलांटी, मग न, मग ण, मग रफार, शेवटी य. युनिकोडमध्ये वेलांटी न च्या नंतर जायला हवी आणि रफाराचा र् ण च्या आधी यायला हवा. माझा नियम वेलांटीला एक अक्षर जास्त ओलांडायला लावत होता आणि 'नर्णिय' तयार होत होतं. नियम बदलला की दुसरीकडे 'स्थिती' मोडायची, कारण तिथे वेलांटीने जोडाक्षर अख्खं ओलांडायचं असतं. दुपारी ताई दाखल नोंदवही उघडून नाव वाचायच्या, मी पडद्याशी ताडून बघायचो. सात आठवडे हे चाललं. तो प्रोग्रॅम मी जीपीएलखालीच खुला ठेवला आहे. अशा याद्या अजून किती वाचनालयांच्या कपाटांत अडकून पडल्या असतील!

मग आली ती बैठक. कोहात एक सोय आहे: परत आलेल्या पुस्तकाच्या नोंदीतून सभासदाचा क्रमांक काढायचा आणि तिथे एका निनावी सभासदाचा क्रमांक ठेवायचा. हे ठरावीक दिवसांनी आपोआप होतं. मी सात दिवस सुचवले. विरोध झाला. पुस्तक फाटलं तर वसूल कुणाकडून करायचं? त्यासाठीच सात दिवस, तेवढ्यात तपासून घ्यायचं. कुठली पुस्तकं जास्त जातात ते कसं कळणार? आकडा राहतो, फक्त नाव जातं. पोलीस कागद घेऊन आले तर? जे आहे ते कायद्याप्रमाणे देऊ, नसलेलं देता येत नाही. अमेरिकेत तपास यंत्रणांना जादा अधिकार देणाऱ्या २००१ च्या पेट्रियट कायद्यानंतर कित्येक ग्रंथालयांनी हीच वाट धरली. २००५ मध्ये कनेक्टिकटमधल्या चार ग्रंथपालांकडे तपास यंत्रणेने नोंदी मागितल्या आणि त्याबद्दल बोलायचीही बंदी घातली, तेव्हा ते कोर्टात लढले. आपल्याकडेही २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो हक्क सरकारपुरता नाही, आपल्या टेबलापासून सुरू होतो, असं मी म्हणालो. त्या मुलीची गोष्टही नाव न घेता सांगितली, आणि मी गप्प बसलो होतो हेही.

खोलीत शांतता होती. मग आमच्या अध्यक्ष बाई बोलल्या, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभी केली, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या, हे बडोद्यात सगळ्यांना पाठ आहे. बाई म्हणाल्या, "माझी आजी त्या पेटीतली पुस्तकं वाचायची. गव्हाच्या कोठीत लपवून, सासरी कळू न देता. तिची यादी कुणी आजोबांना नेऊन दिली असती, तर मी इथे बसले नसते." ठराव मंजूर झाला.

सोय चालू केली, पण तेवढ्यावर विसंबलो नाही. स्वतः डेटाबेस उघडून तक्ते चाळले. जुन्या देवघेवीच्या तक्त्यात निनावी क्रमांक आले होते, पण आकडेवारीच्या तक्त्यात सभासद क्रमांक आणि पुस्तक क्रमांक शेजारी शेजारी तसेच होते. घडामोडींचा लॉगही तीच गोष्ट सांगत होता. तेही रात्रीच्या सफाईत घातलं. तक्ते उघडता आले म्हणून हे दिसलं, नाहीतर मी सभासदांना खोटी हमी देऊन बसलो असतो.

आणि मग बॅकअप. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या त्या रॅन्समवेअरने शिकवलं होतं की प्रती ठेवा, पण आज पुसलेली नोंद कालच्या प्रतीत जिवंत असते. सुरक्षेला जुनं हवं असतं आणि खासगीपणाला ते नको असतं. शेवटी रोजच्या सात आणि महिन्याच्या तीन प्रतींवर थांबलो, सगळ्या जीपीजी या साधनाने कुलूपबंद. यंत्रावर फक्त कुलूप लावणारी किल्ली आहे. उघडणारी किल्ली दोन सीलबंद पाकिटांत, बाईंकडे आणि खजिनदार काकांकडे. महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून बघतो, कारण न उघडलेल्या बॅकअपचा मी आता भरवसा धरत नाही.

सभासद अर्जांना जोडलेल्या आधारच्या झेरॉक्स निघाल्या, तीनशेच्या वर. का घेतो, तर पूर्वीपासून घेतो. वाचनालयाला आधारची गरजच नाही. ज्यांना हव्या त्यांना परत दिल्या, बाकीच्या ताईंनी आणि मी दोन दुपारी बसून बारीक फाडल्या. आता पत्त्याचा कुठलाही पुरावा बघतो आणि लगेच परत देतो.

गेल्या महिन्यात एकजण बायको काय नेते ते विचारायला आले होते. ताईंनी मान वर न करता सांगितलं, "दादा, वाचकाची माहिती आम्ही देत नाही. आणि परत आलेल्याची नोंद राहतही नाही." ते थोडा वेळ उभे राहिले आणि गेले.

एकच गोष्ट राहिली आहे. हल्ल्यातली जुनी डिस्क कपाटात ठेवलेली आहे. कधी कधी अशा टोळ्या पकडल्या जातात आणि किल्ल्या जाहीर होतात, तेव्हा नऊ वर्षांचा हिशेब परत मिळेल, असं काहींचं म्हणणं आहे. त्या डिस्कवर त्या मुलीची यादीही आहे. येत्या बैठकीत विषय घेतला आहे आणि माझं मत मी लेखी दिलं आहे: ड्रिलने भोकं पाडून टाका.