‘वाटलं’ म्हणजे नक्की काय झालं?

एमए काउन्सेलिंगचं दुसरं वर्ष चालू आहे, भांडुपवरून रोजची स्लो लोकल पकडते आणि गेले चार महिने डोक्यात एकच शब्द घेऊन फिरतेय. वाटणं.

झालं असं की पहिल्या वर्षी आमचे सगळे रोल-प्ले इंग्लिशमध्ये झाले. तिघांचा गट, एक काउन्सेलर, एक क्लायंट, एक ऑब्झर्वर. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये थेरपीत बदल घडायला काय काय लागतं ते मांडलं, त्यातलं समोरच्याचं आतून समजून घेणं, त्याला विनाअट स्वीकारणं, स्वतः खरं वागणं, हे सगळं मला इंग्लिशमध्ये जमतंय असं वाटायचं. मग प्लेसमेंट, म्हणजे खऱ्या माणसांबरोबरचा सराव, लागली आणि समोर मराठी बोलणारी माणसं आली. त्यांच्याबद्दल इथे एक अक्षर लिहिणार नाही, नाव बदलूनही नाही. सांगतेय ते एका रोल-प्लेचं, जो मी आणि मैत्रिणीने त्यानंतर मुद्दाम मराठीतून केला.

ती क्लायंट झाली होती. नोकरी गेलीये, घरी सांगितलं नव्हतं आणि बाबांना बाहेरून कळलं. मी विचारलं, "तेव्हा तुला काय वाटलं?" ती म्हणाली, "मला वाटलं, आता बाबा माझ्याशी बोलणारच नाहीत."

मी अडकले तिथेच. मला हवी होती भावना आणि हातात आला विचार, आणि यात तिचं काहीच चुकलं नव्हतं, प्रश्नच तसा होता. आपल्याकडे भीतीही वाटते, वाईटही वाटतं आणि आज पाऊस येईल असंही वाटतं, सगळ्याला क्रियापद एकच!

आता अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची १९५५ पासूनची विवेकनिष्ठ उपचारपद्धत घ्या, आजचं तिचं नाव आरईबीटी. घटना, तिच्याबद्दल आपण मनात धरलेला समज आणि त्यातून होणारा त्रास, हे तीन वेगळे करायचे, सगळं काम तिथूनच सुरू होतं. समज आणि त्रास दोन्ही ‘वाटलं’मध्ये मिसळले तर वेगळं करणार काय? इंग्लिशमध्येही लोक ‘आय फील दॅट’ म्हणून विचारच सांगतात, हे आम्हाला शिकवलं होतं, पण तिथे निदान थिंक आणि फील असे दोन शब्द तरी असतात.

सुपरविजनमध्ये, म्हणजे आमचं काम मॅडमसमोर तपासलं जातं तिथे, हे मांडलं तर त्या म्हणाल्या, घरी आई कशी विचारते ते आठव. आई विचारते, "मनात काय आलं तुझ्या?" आणि "काय होतंय तुला?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत! पहिल्याला विचार येतो, दुसऱ्याला पोटात गोळा आला, काळजात धस्स झालं, हातपाय गळाले, जीव कासावीस झाला. (छातीत धडधडतंय हे परत परत येत असेल तर आधी डॉक्टरला दाखवायला सांगायचं, सगळंच मनाचं धरून चालत नाही.)

परत तोच रोल-प्ले केला. "बाबांना कळलंय हे समजलं तेव्हा काय झालं तुला?" "धस्स झालं." मी फक्त "धस्स झालं" एवढंच म्हटलं, भीती वगैरे शब्द मध्ये आणलाच नाही, आणि ती बराच वेळ गप्प बसली. नंतर म्हणाली, रोल-प्ले आहे हे मी विसरले होते.

मला राग येतो तो एवढ्याचाच की व्हर्बेटिम, म्हणजे सत्रातला शब्दन् शब्द संवाद, आम्हाला इंग्लिशमध्ये लिहून द्यावा लागतो. म्हणजे त्या धस्सचं ‘आय वॉज स्केअर्ड’ करायचं आणि मार्क त्याला. खरं तर मराठीत हे काम आज सुरू झालेलं नाही, आरईबीटी करणारे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके मुंबईत राहून एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करत होते, ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे. मग वर्गात मराठी का नको?

मी एक वही केलीये, दोन रकाने, मनात येणारं आणि जिवाला होणारं. परवा लेडीज डब्यात एक काकू फोनवर म्हणत होत्या, "माझं मनच थाऱ्यावर नाही गं." हे कुठल्या रकान्यात जातं ते मुलुंड येईपर्यंत ठरेना, माझं स्टेशन मागे गेलं होतं. सध्या दोन्हीकडे लिहून ठेवलंय.