बाबांचा शेक : प्रोटॉन की व्हीमॅट?

बाबांना आधी भाकरीचा घास अडकायला लागला, मग भाताचाही. दुर्बिणीतून तपासणी झाली आणि अन्ननलिकेच्या मधल्या भागात स्क्वॅमस (आतल्या अस्तराच्या चपट्या पेशींचा) कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, आधी केमो आणि शेक (म्हणजे रेडिएशन) एकत्र, मग ऑपरेशन. 41.4 ग्रे (ग्रे हे शेकाच्या डोसचं माप), 23 भागांत, सोबत दर आठवड्याला कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही केमोची औषधं. नेदरलँड्समधल्या 'क्रॉस' चाचणीचे निष्कर्ष 2012 साली आले, तेव्हापासून ही पद्धत रुळली आहे.

खरा प्रश्न होता शेक कुठल्या प्रकारचा: एक्स-रे किरणांचा व्हीमॅट, की प्रोटॉन कणांचा. नातेवाइकांचं एकच पालुपद, "खारघरला प्रोटॉन आलंय, तिकडेच न्या." बाबांची अँजिओप्लास्टी झालेली, त्यामुळे मलाही हृदयाचीच धास्ती होती.

पुण्यातल्या रेडिएशनच्या डॉक्टर मॅडमनी बाबांच्या छातीचा आडवा छेद स्क्रीनवर उघडला. अन्ननलिकेच्या पुढे हृदय, मागे मणका, दोन्ही बाजूंना फुप्फुसं. साध्या थ्रीडी प्लॅनमध्ये जास्त डोसचा लाल पट्टा हृदयावर चढलेला दिसत होता. व्हीमॅटमध्ये मशीन रुग्णाभोवती फिरत डोस कमीजास्त करतं, म्हणून तोच लाल भाग गाठीला बिलगून होता. मात्र फिका निळा, म्हणजे कमी डोस, फुप्फुसांवर जास्त पसरला होता. हेही त्यांनी लपवलं नाही. ज्यांच्या घरी हे चाललंय त्यांनी दोन्ही प्लॅन शेजारी शेजारी बघायला जरूर मागावेत, आणि हृदयाला सरासरी किती डोस जातोय हे विचारावं.

प्रोटॉनचा किरण ठरावीक खोलीवर थांबतो, पलीकडे जात नाही. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत प्रोटॉन घेतलेल्यांना त्रास कमी झाला, पण आजार आटोक्यात राहण्यात आयएमआरटीपेक्षा (जागेप्रमाणे डोस कमीजास्त करणारा एक्स-रेचा शेक) फरक दिसला नाही. व्हीमॅट हा आयएमआरटीचाच पुढचा प्रकार. त्यात प्रोटॉनचा खर्च मोठा, शिवाय बाबांना घेऊन खारघरला मुक्काम करावा लागला असता. त्यांचं वजन झपाट्याने उतरत होतं. घरचं खाणं आणि जवळचं हॉस्पिटल मला जास्त मोलाचं वाटलं. आम्ही व्हीमॅट घेतलं.

आधी सिम्युलेशन, म्हणजे शेकाची पूर्वतयारी झाली. हात डोक्यावर, छातीवर शाईच्या खुणा, आणि श्वासाबरोबर गाठ किती हलते ते टिपणारा फोरडी सीटी. रोजचा शेक मात्र काही मिनिटांत आटपायचा. मध्ये एकदा मशीन बंद पडलं. या उपचारात खंड पडू द्यायचा नसतो, म्हणून मी मागे लागले आणि राहिलेला शेक शनिवारी करून घेतला.

तिसऱ्या आठवड्यापासून पाणी गिळतानाही बाबांच्या डोळ्यांत पाणी यायचं. जेवणाआधी बधिर करणारं औषध, मग नाचणीची पातळ पेज, तीही कोमट. तेवढ्याने भागेना, तेव्हा नाकातून नळी घातली. बाबा तिला फार घाबरत होते, पण नळीमुळेच वजन सावरलं.

शेक संपलाय. आता ताकभात गिळता येतो. पुढच्या आठवड्यात पेट स्कॅन (आजार किती उरलाय ते दाखवणारा) आहे, तो बघून सर्जन ऑपरेशनची तारीख देणार आहेत.