एका घरात चार जाळ

लक्ष्मी-विष्णू मिलचा सकाळच्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत डबा भरलेला हवा, अंघोळी उरकलेल्या हव्यात आणि चहाची भांडी मोरीत पडलेली हवीत. ऐंशीच्या दशकातल्या सोलापुरात हे सगळं एका जाळावर होत नसे. गॅससाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. ज्यांच्याकडे आला त्यांच्याकडेही बहुधा सिलिंडर एकच. तो संपला की दुसरा येईपर्यंत जुनं सगळं पुन्हा बाहेर निघायचं. म्हणून घरात तीन-चार जाळ असत: अंघोळीला बंब, घाईच्या कामाला पंपाचा स्टोव्ह, सावकाशीच्या कामाला वातीचा, आणि मुरवायच्या कामाला शेगडी. कुठलं काम कुठल्या जाळावर, ही जाण म्हणजे त्या स्वयंपाकघराची विद्या होती. लोक त्या काळाला ‘साधा’ म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. साधं त्यात काहीच नव्हतं.

पहाटे पहिला पेटायचा तो बंब. तांब्याचा, मधोमध उभी नळी, नळीच्या तळाला जाळी, भोवती पाणी. आधी पाणी, मग विस्तव, हा क्रम चुकवायचा नाही. रिकामा बंब तापला की सांध्याचा डाख, म्हणजे जोड देणारा मऊ धातू, वितळतो आणि बंब गळायला लागतो. म्हणूनच एक बादली कढत पाणी काढलं की लगेच तेवढंच गार पाणी वरून ओतायचं. जळण बाजारातून विकत आणायची फारशी गरज नसे. आपला मुलूख ज्वारी-तुरीचा आणि भुईमुगाचा, त्यामुळे तुराट्या, ज्वारीची धसकटं आणि शेंगांची टरफलं मिळायची. नुसती टरफलं भर्रकन जळून जातात, म्हणून खाली धसकटं किंवा लाकडाची ढलपी आणि वरून मूठमूठ टरफलं. नळी गच्च भरली की खालून हवा चढत नाही आणि घरभर धूर होतो.

काही घरांत बंबाऐवजी भुश्याची शेगडी असे. तेलाचा रिकामा डबा घ्यायचा, खाली एका बाजूला भोक पाडायचं, त्यातून एक दांडकं आडवं आणि मधोमध दुसरं उभं ठेवायचं. भोवती लाकडाच्या वखारीतला भुसा ठासून भरायचा आणि दांडकी गोल फिरवत अलगद काढून घ्यायची. आत कोनात वळलेला बोगदा तयार होतो. खालच्या भोकातून पेटवलं की भुसा आतल्या बाजूने हळूहळू धुमसत दोन-तीन तास चालतो. भुसा ढिला भरला तर मधेच ढासळून विझतो, ओला असला तर नुसता धूर.

आता पंपाचा स्टोव्ह. त्यात रॉकेल जळत नाही, जळते ती रॉकेलची वाफ, हे एकदा नीट समजलं की त्याची सगळी नाटकं समजतात. टाकी पाऊणच भरायची, वर हवेला जागा हवी. नरसाळ्याला गाळणी हवीच, कारण कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, रॉकेलमधला बारीक कचरा पुढे निपलात, म्हणजे वाफ बाहेर पडायच्या बारीक भोकात, अडकतो. हवेची किल्ली सैल ठेवायची. स्पिरिटमध्ये किंवा रॉकेलमध्ये बुडवलेला काकडा पेटवून बर्नरखाली अडकवायचा आणि थांबायचं. इथे घाई करणारा फसतो. काकडा विझत आला की किल्ली घट्ट करून आधी पंपाचे चार-पाचच हात हलके मारायचे. निळी ज्योत धरली, तिचा तो एकसारखा घरघराट सुरू झाला, की मग दाबून हवा भरायची. बर्नर पुरता तापलेला नसेल तर वाफेऐवजी ओलं रॉकेल उडतं आणि पिवळा भडका हातभर वर जातो. तसं झालं तर पंप मारत राहायचं नाही. किल्ली सोडून हवा काढायची, ज्योत खाली बसू द्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

ज्योत एका अंगाला झुकली किंवा फुरफुरायला लागली की निपलात कचरा आहे. पत्र्याच्या पट्टीला केसासारखी तार लावलेली पिन किराणा दुकानातही मिळायची. पिन सरळ आत जायला हवी, तिरकी घुसवली की भोक मोठं होतं. मग ज्योत कायमची पिवळी, भांडी काळी आणि रॉकेल जास्त. त्यावर उपाय एकच, निपल बदलणे. पंप मारताना दट्ट्या पोकळ लागला, हाताला जोरच येईना, तर दट्ट्याचं वायसर (वॉशर) वाळलंय. ते चामड्याचं असतं. दट्ट्या काढायचा, वायसरला खोबरेल तेलाचे दोन थेंब चोळायचे, त्याची कड बोटाने बाहेरच्या बाजूला फाकवायची आणि हळूच परत बसवायचं. आणि दट्ट्या आपोआप वर ढकलला जातोय, पंपाच्या नळीतून रॉकेल येतंय, असं दिसलं तर तळाशी असलेला व्हॉल्व्ह गेला. ते घरी करायचं काम नव्हे. त्यासाठी गल्लीतून ‘इष्टोऽव्ह रिपेऽर’ अशी हाक देत जाणारा कारागीर. टाकी गळत असेल तर तो आधी ती पुरती रिकामी करून, धुऊन, मगच डाख लावायचा. आत राहिलेली रॉकेलची वाफ किती घातक, हे त्याला पक्कं ठाऊक असे.

या स्टोव्हची आठवण काढताना एक गोष्ट गाळून पुढे जाणं मला जमत नाही. पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणं, नायलॉनच्या साडीचा पदर, जमिनीवर बसून स्वयंपाक, यांतून खरेखुरे अपघात झाले. पण ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहिता भाजली’ या त्या वर्षांत सतत छापून येणाऱ्या बातम्यांमधला प्रत्येक भडका अपघात नव्हता. 1983 साली दंड विधानात विवाहितेच्या छळाचं कलम 498-अ आलं, 1986 साली हुंडाबळीचं 304-ब आलं, ते त्यामुळेच. तो पितळी स्टोव्ह आता घासून-पुसून शोकेसमध्ये ठेवतात. ठेवावा, पण हेही माहीत असू द्यावं.

पंपाच्या जाळाचा दुसरा दोष स्वयंपाकाचा. ज्योत मधोमध एकवटलेली, त्यामुळे भाकरी मधे करपते आणि कडा कच्च्या राहतात. जाड लोखंडी तवा आणि सतत फिरवणारा हात असेल तरच जमतं. जाळ बारीक करायचा तर किल्ली सोडून हवा कमी करायची, पण थोडी जास्त सुटली की स्टोव्ह विझलाच. वरण, चहा, पातळ कालवण ही त्याची कामं. सावकाश शिजणाऱ्या हुलग्यासारख्या गोष्टींना वातीचा स्टोव्ह बरा. त्याला हवा नको, पिन नको. सगळ्या वाती एका उंचीच्या कापल्या की झालं. एखादी जरी वर राहिली तरी काजळी धरते.

शेगडीचं राज्य दुपारनंतर. तळाला कागद, त्यावर बारीक कोळसा, वर जाड, आणि पुठ्ठ्याने वारा. कोळशावर निळसर ज्योती नाचताहेत तोवर ती अंगणातच ठेवायची. त्या विषारी वायूच्या असतात. निखारे लालबुंद होऊन वर राखेची झाक आली की मग आत, तीही खिडकी उघडी ठेवून. पोत्याच्या तळाला उरलेली कोळशाची भुकटीही टाकत नसत. शेणात कालवून तिचे गोळे उन्हात वाळवायचे आणि निखाऱ्यांवर ठेवायचे.

कडक भाकरी या जाळाची किंवा चुलीची. ज्वारीचं पीठ ताजं हवं, जुनं झालं की विरी जातं आणि थापताना चिरा पडतात. पीठ कढत पाण्यात मळायचं, कारण ज्वारीला गव्हासारखा स्वतःचा चिवटपणा नसतो. भाकरी नेहमीपेक्षा पातळ थापायची, दोन्हीकडून भाजायची आणि मग निखाऱ्यांभोवती उभी करून सोडून द्यायची. ओल पुरती गेली की ती खणखणीत वाजते आणि कित्येक दिवस टिकते. मधे थोडीशी ओल राहिली तर चामट होते आणि तिथूनच बुरशी धरते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, तेव्हा रोज तव्यापुढे बसायचं कशाला, हाही हिशोब त्यात असे.

शेंगाचटणीचे दाणेही याच निखाऱ्यांवर, मंद, लोखंडी कढईत. जाळ मोठा झाला तर साल काळी आणि दाणा आत कच्चा. पाव किलो दाण्यांना दहा-बारा लसूण पाकळ्या, दोन चमचे तिखट, चमचाभर जिरं, चवीला मीठ, आणि सगळं उखळात. मुसळाने दाणा चेचला जातो, त्याचं तेल सुटतं आणि चटणी लगदा धरते. मिक्सरचं पातं दाणा कापतं. त्याचा कोरडा कूट होतो, आणि तेल सुटेपर्यंत फिरवत राहिलं तर गरम लापशी होते. सोलापूरची चटणी बोटांनी दाबली की मुटका व्हायला हवा. तेल वरून ओतून ते साधत नाही.

रात्री जेवणं झाली की उरलेले निखारे राखेखाली झाकायचे आणि त्यावर दुधाचं पातेलं ठेवून द्यायचं, झाकण तिरपं, वाफ जायला फट ठेवून. दूध उतू जाण्याइतका जाळ तिथे नसतो. सकाळी बंब पेटवायला उठलेल्या बाईला त्यावर पिवळसर, जाड साय धरलेली मिळायची.