काकूंचं नाक

सोमवार, रात्री

हेवा वाटावा असं काही झालेलं नाही, हे सकाळपासून स्वतःला बजावतोय. तरी वाटतोय. आणि तो कुणाचा, तर आईचा. जिने जन्मात दारूचा थेंब जिभेला लावला नाही, तिचा.

शनिवारी माझा मित्र मोहन आला होता. लफ्रॉइग १०, आर्डबेग १० आणि लागावुलिन १६ या तीन स्कॉच व्हिस्की (आकडा म्हणजे किती वर्षं मुरवलेली) एकाच बैठकीत शेजारी शेजारी लावून बघायचं कधीपासून घाटत होतं. तिन्ही स्कॉटलंडच्या आयला बेटाच्या (आईसमोर हे नाव जपून घ्यावं लागतं). पोर्ट एलनहून निघालं की एकाच रस्त्यावर, एकाच किनाऱ्याला ओळीने तिन्ही भट्ट्या. स्थापनाही १८१५ आणि १८१६ मधल्या. म्हणजे सख्खे शेजारी. तरी चव वेगळी का, हा आमचा विषय. मी वही घेऊन बसलो होतो. आयोडीन, डांबर, लिंबाची साल, असं काहीबाही लिहीत होतो.

तेवढ्यात आई आतून आली. आधी गॅस बघून आली, मग दारात उभी राहिली. "काय जळतंय?"

मोहनने ग्लास दाखवला. तिने हातात न घेताच वास घेतला. "लाकूड नाही हे. गोवरी पण नाही."

नाहीच. पीट आहे ते. दलदलीत हजारो वर्षं साचलेलं शेवाळ, गवत, झुडपं. ते कापून वाळवतात, आणि मोड आलेले जव सुकवताना भट्टीत जाळतात. मोठा जाळ होऊ द्यायचा नाही, धूर धरायचा. हे सगळं मी तिला सांगायला लागलो, तर म्हणाली, "ओल्या फाट्यांचं तेच होतं," आणि खुर्ची ओढून बसली.

पुढचं सगळं मोहनने केलं. तिला पाठ करून बसवलं, ग्लास फिरवले, एकेक नाकाखाली धरला. "हा मघाचा पहिला. हा तिसरा." परत फिरवले. परत बरोबर. मग त्याने गुपचूप चौथ्या ग्लासात गोव्याची व्हिस्की, पॉल जॉन बोल्ड, ओतली, जव आपले आणि पीट तिकडचं. "हा नवीन आहे. हा नको." घरची तेवढी तिला नावडली.

"तू पण कर ना डोळे मिटून," मोहन मला म्हणाला. मी बोंबील गरम करायला आत गेलो.

मला तिचा राग नाही. राग कशाचा येणार? पण इतकी वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ड्यूटी फ्रीमधून एक बाटली आण म्हणून गळ घालायची, वह्या भरायच्या, आणि एका बाईने देवाला दिवा लावून येताना सहज... जाऊ दे. तिची चूल सुटली तेव्हा मी चौथीत होतो. धुराचं तिला कळणारच. खोकलाही तिथलाच.

मी तिला आकड्यांत पकडायला गेलो, हे आता आठवून कसंतरी होतं. आर्डबेगच्या जवात फिनॉलचं, म्हणजे धुराचा वास देणाऱ्या द्रव्यांचं, प्रमाण साधारण ५५ पीपीएम (दहा लाखांत ५५ भाग), लफ्रॉइगचं ४०–४५, लागावुलिनचं ३५ च्या आसपास. म्हणजे हिशेबाने आर्डबेगच जास्त धुरकट. तिने धुरात लफ्रॉइग पहिली लावली, आर्डबेग दुसरी. वाद घातला नाही, क्रम बदलला नाही. आणि वैताग असा की तिच्या क्रमाला अर्थ आहे. तो आकडा जवाचा असतो, बाटलीतल्या व्हिस्कीचा नव्हे. फिनॉल ऊर्ध्वपातनात बरेचसे शेवटाकडे उतरतात, त्यामुळे चांगला भाग कुठे तोडायचा यावर खूप अवलंबून. शिवाय आर्डबेगच्या भांड्याला एक प्युरिफायर जोडलेला आहे, तो जड वाफा परत खाली पाठवतो. हे मला वाचून माहीत होतं. नाकाला माहीत नव्हतं. हेच सलतंय बहुतेक.

का मला सलतंय ते दुसरंच काहीतरी आहे? लागावुलिनचा ग्लास तिने जरा जास्त वेळ धरला होता. बाबांचा विषय कुणी काढला नाही. मोहननेही नाही, त्याला माहीत असून.

आज जेवताना एक गोष्ट आठवली आणि एकटाच हसलो. स्कॉटलंडात व्हिस्की पारखायचं हे काम पोटासाठी करणारे लोकही बहुतेक वेळा पीत नाहीत. पाणी घालून व्हिस्कीतलं अल्कोहोल २० टक्क्यांवर आणतात, वास घेतात, ग्लास बाजूला. दिवसाला इतके नमुने, गिळत बसले तर दुपारपर्यंत आडवे होतील. म्हणजे शनिवारी त्या टेबलावर रीतसर काम करणारी एकच व्यक्ती होती, आणि बाकीचे दोघे चकणा खात होते. वर, हुंगायला महाराष्ट्रात परवानाही लागत नाही. माझा आयुष्यभराचा आहे, लॅमिनेट करून ठेवलेला.

आईला हे सांगितलं. "मग त्यांचं प्यायचं कोण?" म्हणाली, आणि ताक वाढलं.

आत्ता मोहनचा मेसेज आलाय. येत्या शनिवारी टॅलिस्कर आणतोय, स्काय बेटावरची, काकू आहेत ना घरी? मी आहे का, हे विचारलेलं नाही.