तिथी बघून निघा : खानापूरहून कारवारच्या बेटांवर

आमच्या सासूबाईंचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. लग्न होऊन बेळगावजवळच्या खानापुरात येऊन पन्नास वर्षं झाली, तरी त्यांचं समुद्राचं घड्याळ काही थांबलेलं नाही. आम्ही कारवारला जायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांनी रजा, परीक्षा आणि बसच्या वेळा बघितल्या. त्यांनी एकच विचारलं, "त्या दिवशी तिथी कुठली?"

कोकणातला जुना ठोकताळा असा : तिथीची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. मी लगेच गणित मांडलं. अष्टमीला सकाळी सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराला ओहोटी. उजेड भरपूर, पाणी मागे गेलेलं, बेटाच्या कडेकडेनं खडकांवरून चालायला याहून चांगला दिवस कुठला? सासूबाई म्हणाल्या, "भांगाचं पाणी आहे गो तेव्हा." मी म्हटलं, बघू.

तर ही त्या 'बघू'ची गोष्ट.

निघालो सातजण. चंदगडहून नणंद आणि तिचा दहा वर्षांचा मुलगाही आले होते. रामनगर, जोयडा, अणशी घाट, कद्रा या मार्गानं कारवारला उतरायचं ठरलं. हा रस्ता काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो, वळणं पोटात घुसतात, पण सगळा कर्नाटकातच आहे. म्हणजे कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट. गोव्यातून, म्हणजे अनमोड घाटानं जाणाऱ्या आंतरराज्य गाडीला ही सवलत धरू नका, आणि आधारकार्डावर पत्ता कर्नाटकातला हवा. नणंदेचं कार्ड महाराष्ट्रातल्या चंदगडचं, तिला पूर्ण तिकीट. "आमच्याकडं एसटीत अर्धं तरी घेतात की ओ!" असं ती वाहकाला म्हणाली. त्यानं हसून पूर्णच फाडलं. पावसाळ्यात मात्र या घाटावर विसंबू नका, दरडी येतात.

पहिल्या दिवशी उशिरा पोचलो, त्यामुळे फक्त सदाशिवगड. सोंद्याच्या राजानं वडिलांच्या नावानं बांधलेला हा किल्ला काळी नदीच्या मुखावरच आहे. किल्ला म्हणून आता फारसं काही उरलेलं नाही, पण वरून पुढच्या दिवसाचा अख्खा नकाशा दिसतो. खाली नदी समुद्राला मिळते, मध्ये वाळूचे पट्टे, समोर कासवाच्या पाठीसारखं कुर्मगड बेट. पुलाकडे बघताना सगळे जरा गप्प झालो. ऑगस्ट २०२४ मध्ये इथला जुना पूल मध्यरात्री कोसळला, आता वाहतूक शेजारच्या नव्या पुलावरून चालते.

बेटांबद्दल आधी एक सांगून टाकते. अंजदीपला जायचं मनात असेल तर काढून टाका, ते नौदलाच्या तळाच्या हद्दीत आहे. १५०५ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेडानं तिथं किल्ला बांधायला घेतला, आणि डिसेंबर १९६१ मध्ये ते बेट परत घेताना आपले सात नौसैनिक कामी आले. इतिहास वाचून जा, पण बघायचं ते लांबूनच. तळाच्या दिशेनं ड्रोन वगैरे उडवण्याची हौस नको. इथल्याच देवगड बेटावरचं दीपगृहही आम्ही होडीतूनच पाहिलं. पायी फिरण्यासारखं आमच्यासाठी उरलं ते कुर्मगड.

सकाळी कोडीबागेच्या धक्क्यावर होडीवाल्याशी बोललो. माणूस साठीचा, कोंकणी बोलणारा. आम्ही मराठीत, तो कोंकणीत, काही अडलं नाही. मी मोठ्या ऐटीत विचारलं, बाराला पाणी किती मागं जाईल? त्यानं समुद्राकडे न बघताच सांगितलं, "आयज भांग. उदक चड सुकना." आज भांग, पाणी फार ओसरत नाही. म्हणजे सासूबाईंचंच वाक्य, फक्त कारवारी.

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. पाऊणपटीचा हिशेब फक्त वेळ सांगतो, पाणी किती हलेल ते सांगत नाही. पुनवेला-अवसेला उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा समुद्र नुसता श्वास घेतल्यासारखा थोडा वर, थोडा खाली. मुंबईच्या मानानं कारवारला मुळातच चढउतार कमी, उधाणालाही दोनेक मीटर. त्यात भांग, म्हणजे खडक उघडे पडायचे नावच नको. शिवाय भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून वर सरकते, त्यामुळे कारवारला ती मुंबईपेक्षा आधी येते. पाऊणपटीनं जी वेळ येईल त्याच्या तास-पाऊणतास आधीच तयार राहायचं.

मग दिवस कुठला धरायचा? पुनवेला-अवसेला पाणी सगळ्यात जास्त उतरतं, पण ते पहाटे आणि संध्याकाळी. तेव्हा होडी कोण काढणार? उधाणानंतरची द्वितीया-तृतीया बरी. पाणी अजून चांगलं उतरतं आणि ओहोटी सकाळी साडेसहा-साडेसातच्या सुमाराला पडते. पहिल्या होडीनं गेलात तर काही वेळ खडक मोकळे मिळतील. हे मला आता कळतंय.

होडीला पाऊण तास लागला. नदीच्या मुखाशी वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतात, तिथं होडी चांगली हलते. पुढं पाणी शांत. दोन डॉल्फिन दिसले, भाच्यानं चार मोजले.

धक्क्यापासून वाट झाडीतून वर चढते. नरसिंहाच्या देवळापर्यंत कोणालाही जमेल अशी, पण पाचोळ्याखाली दगड निसरडे आहेत. देवळापाशी सावलीत बसून कुंद्याच्या मिठाईचा डबा उघडला. (बेळगावचा माणूस कुंद्याशिवाय समुद्र ओलांडत नाही.) पौष पौर्णिमेला इथं जत्रा असते. तिथी बघा : पौर्णिमा, म्हणजे उधाण. २१ जानेवारी २०१९ ला जत्रेहून परतणारी एक होडी उलटली आणि सोळा माणसं गेली. होडीवाल्यानं आम्हाला लाइफ जॅकेट घालायला लावलं तेव्हा आमच्यातला एकजण 'उकडतंय' म्हणून कुरकुरत होता. ही गोष्ट कळल्यावर परत येताना त्यानं पहिल्यांदा बक्कल लावलं. होडीत जास्त माणसं भरताना दिसली तर सरळ उतरा, पुढची होडी येते.

देवळामागून पश्चिमेकडे उतरलो. इथं बेटाचं रूपच बदलतं. झाडी संपते, काळे खडक सुरू होतात, वारा कानात शिरतो. पाण्यावरून समुद्री गरुड इतका खालून गेला की त्याचं पांढरं पोट स्पष्ट दिसलं. कडेकडेनं वळसा घालायचा आमचा बेत होता, पण वीस मिनिटांत एक घळ आडवी आली. उधाणाच्या ओहोटीला तिथून चालत जाता येत असेल, आमच्या वेळी मांडीएवढं पाणी आणि त्यात लाटेची ओढ. बाराची ओहोटी होती ती हीच! मुकाट्यानं मागं फिरलो.

फिरताना भाच्यानं चप्पल हातात घेतली. खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या कडा पात्यासारख्या. तळव्याला बोटभर चीर पडली. समुद्राच्या पाण्यानं जखम धुवायची चूक करू नका. आम्ही पिण्याच्या पाण्यानं धुतली, शिंपल्याचा बारीक तुकडा काढला, ओढणी बांधली आणि कारवारात उतरल्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. तेव्हा मागून बंद असलेले, घट्ट बसणारे बूट हवेत. माणशी दोन लिटर पाणी धक्क्यावरूनच न्या, बेटावर दुकान मिळेल अशी आशा नको.

परतीची वेळ आणि थांबण्याचे पैसे निघण्याआधीच ठरवा. आम्ही एकची वेळ ठरवली होती. होडीवाला साडेबारालाच हाका मारू लागला, कारण दुपारनंतर समुद्रावरून वारा उठतो आणि पाणी खवळतं. त्याचं ऐकलं. हंगाम म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून-जुलैत मासेमारीला ६१ दिवस बंदी असते, त्या दिवसांत बेटाचं नाव काढू नये.

तिसऱ्या दिवशी माजाळीहून तिळमातीच्या किनाऱ्यावर. खरं सांगू? चालण्याचा आनंद इथं जास्त मिळाला. माजाळीच्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाहून टेकडी चढायची, वरून एका बाजूला माजाळीची लांब पांढुरकी चंद्रकोर दिसते, मग सुट्या दगडांच्या उतारावरून खाली. खालची रेती काळी, तिळासारखी, नावाप्रमाणं. उतारावर म्हाताऱ्या माणसांना हात द्यावा लागतो. पाण्यात खोल जाऊ नका, वाचवायला आसपास कोणी नसतं. पलीकडे पोळें, म्हणजे गोवा.

दुपारी माजाळीत तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी घेतली. तिथूनच सासूबाईंना फोन लावला आणि घळीची हकिकत सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वद्य तृतीयेला मी येते तुमच्याबरोबर. पायाला बूट आणून ठेव, सहा नंबर."