बर्फाच्या प्रदेशात द्राक्षवेल लावताना

उष्ण प्रदेशात द्राक्षवेल पूर्णपणे सुप्तावस्थेत जात नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करून तिच्या वाढीचा आणि फळाचा क्रम माणसाला बसवावा लागतो. इथे मात्र तो क्रम थंडीच ठरवते आणि वर्षातले जवळजवळ सहा महिने वेल निपचित असते. हे ठाऊक असूनही मी पहिली रोपे शरद ऋतूत लावली, कारण माती तेव्हा उबदार होती आणि ओलही चांगली होती. हिवाळ्यात मातीतले पाणी गोठून जमीन फुगते आणि वर उचलली जाते. मुळांनी पकड घेतलेली नसेल तर रोपही तिच्याबरोबर वर येते. बर्फ वितळल्यावर सहापैकी चार रोपांची मुळे उघडी पडून वाळलेली दिसली, आणि त्याचे मला फार वाईट वाटले.

तेव्हापासून कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात लागवड वसंताच्या आरंभीच करावी, असे माझे ठाम मत झाले आहे. डोळे न फुटलेली, उघड्या मुळांची सुप्त रोपे जमीन खणता येऊ लागताच लावता येतात. त्यांना अधूनमधून पडणाऱ्या थंडीचे भय नसते. कुंडीत वाढलेल्या, पाने फुटलेल्या रोपांना मात्र दव गोठण्याचे दिवस संपेपर्यंत थांबवावे लागते, कारण कोवळी फूट उणे २ अंश सेल्सिअसच्या आसपासही करपते.

वाणाची निवड तर लागवडीच्याही आधीची गोष्ट. युरोपीय द्राक्षाच्या बहुतेक वाणांचे सुप्त डोळे उणे २० अंशांच्या खाली मरू लागतात. उत्तर अमेरिकेतील व्हिटिस रिपारिया या रानवेलीचे काही प्रकार मात्र उणे ४० पर्यंत तग धरतात. मिनेसोटा विद्यापीठाने अशा रानवेलींचा वारसा असलेले वाण तयार केले, त्यांत १९९६ मधील ‘फ्रोंटनॅक’ आणि २००६ मधील ‘मार्केट’ (Marquette) हे विशेष परिचित आहेत. ‘मार्केट’च्या वंशावळीत पिनो न्वार हे प्रसिद्ध युरोपीय द्राक्षही आहे. ‘मार्केट’चे डोळे लवकर फुटतात, म्हणून जिथे वसंतात उशिरापर्यंत दव गोठते तिथे मी ते लावणार नाही.

जागा निवडताना ऊन जितके महत्त्वाचे, तितकीच थंड हवेची वाटही महत्त्वाची आहे. थंड हवा जड असल्यामुळे रात्री उतारावरून खाली वाहते आणि खोलगट भागात साचते. म्हणून उताराचा मधला भाग निवडावा आणि खालच्या बाजूला हवा अडवणारी दाट झाडी किंवा भिंत नसावी. पाण्याचा निचरा उत्तम हवा, कारण चिबड जमिनीत मुळेही कुजतात आणि जमीन फुगण्याचा त्रासही वाढतो.

लावण्यापूर्वी मुळे काही तास पाण्यात भिजवून तुटकी मुळे छाटावीत आणि उरलेली मोकळी पसरतील इतका रुंद खड्डा घ्यावा. दोन वेलींत सुमारे दोन मीटर अंतर पुरते. रोप स्वतःच्या मुळांवरचे असेल तर रोपवाटिकेत होते त्याच खोलीवर बसवावे. कलमी असेल तर कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर वरच्या वाणाला स्वतःची मुळे फुटून खुंटाचा, म्हणजे ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधले त्याचा, उपयोगच उरत नाही. मग एकच जोमदार काडी ठेवून तीही दोन-तीन डोळ्यांवर कापावी. हे करताना हात कचरतो, पण पहिल्या वर्षी वेलीची सारी शक्ती मुळांकडे जायला हवी.

पहिल्या उन्हाळ्यात नत्रयुक्त खत देणे मी कटाक्षाने टाळतो आणि उन्हाळा सरत आला की पाणीही कमी करतो. हिरव्या, लुसलुशीत काडीचे तपकिरी, पक्क्या लाकडात रूपांतर झाले तरच ती थंडी सोसते. भरपूर खतपाण्यावर शरदातही वाढत राहिलेली काडी पहिल्याच गोठवणाऱ्या रात्री मरते. जमीन गोठण्यापूर्वी बुंध्याशी, कलमाच्या सांध्यावर येईल अशी मातीची भर घालावी आणि वसंतात ती न विसरता काढावी. चीनमधील निंगशिया या स्वायत्त प्रदेशात तर युरोपीय वाणांच्या वेली दर हिवाळ्यात पूर्णपणे मातीखाली पुरतात. वर साचलेला बर्फही पांघरुणासारखा उपयोगी पडतो, म्हणून तो मी वेलीजवळून कधीच हटवत नाही.

पुढच्या वर्षांत एकाऐवजी दोन खोडे वाढवणे मला शहाणपणाचे वाटते, कारण थंडीने एक खोड तडकले तरी दुसऱ्यावर ओलांडा, म्हणजे तारेवर आडवी वाढवलेली मुख्य फांदी, उभा राहतो. वसंतातल्या छाटणीआधी मी काही डोळे पात्याने आडवे कापून पाहतो. प्रत्येक डोळ्यात मुख्य अंकुर असतो आणि त्याच्या शेजारी दोन राखीव अंकुर असतात. हिरवा रंग दिसला तर अंकुर जिवंत आणि काळपट-तपकिरी दिसला तर मेलेला. मुख्य अंकुर बरेच गेले असतील, तर त्या वर्षी काडीवर नेहमीपेक्षा जास्त डोळे राखतो.