तुम्ही विचारलंत म्हणून: घटस्फोटाचा वकील आणि त्याचे पैसे

महिन्यातून एकदा तरी फोन येतो, कधी मावसबहिणीची मैत्रीण, कधी जुन्या ऑफिसमधली कुणी, आणि प्रश्न तोच, ताई तुम्ही वकील कसा शोधलात आणि किती पैसे लागले. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

माझी केस पुण्यात, शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात. पहिला वकील नात्यातल्या एका काकांनी सुचवला, जमिनीचे दावे चालवणारा, आणि मी इतकी घाबरलेली होते की काही न विचारता वकालतनाम्यावर, म्हणजे केस त्याच्या हाती देणाऱ्या कागदावर, सही करून आले. सुरुवातीला २५ हजार, पावती नाही, मग प्रत्येक तारखेला दोन हजार. बऱ्याच तारखांना नुसता ज्युनिअर यायचा, पुढची तारीख घेऊन निघायचा, पैसे मात्र तेवढेच. आठ महिन्यांत आईच्या पाटल्या गहाण पडल्या.

मग मी वेगळंच केलं, दोन दिवस सकाळी कोर्टाच्या बाकावर जाऊन बसले आणि नुसतं बघत राहिले की कोणते वकील स्वतः हजर असतात, बाहेर आल्यावर आत काय झालं ते बाईला समजावून सांगतात की मोबाईल कानाला लावून चालू पडतात. अशाच एका मॅडमना मी जाऊन विचारलं. त्यांनी कागदावर लिहून दिलं, अर्ज दाखल करताना इतके, नंतर म्युच्युअल, म्हणजे दोघांच्या संमतीने घटस्फोट, झालं तर इतके, शेवटच्या जबाबाला इतके, टायपिंग-नोटरी वेगळं, तारखेचे पैसे नाहीत. जुना वकील फाईल देईना, म्हणे आधी बाकी भरा. फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत हे सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय, ते मॅडमनी त्याला फोनवर ऐकवलं आणि दोन दिवसांत फाईल हातात आली.

पण मला खरं सांगायचंय ते पुढे आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, हेल्पलाईन १५१००. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली स्वतःचं पुरेसं उत्पन्न नसेल तर केस चालू असतानाच खावटी, म्हणजे पोटगी, आणि केसचा खर्च नवऱ्याकडून मागता येतो. हे मला कुणीही सांगितलं नाही, ज्याला मी पैसे देत होते त्यानेसुद्धा नाही. याचा राग मला आजही येतो.

म्युच्युअलमध्ये दोन अर्जांमधले सहा महिने थांबावंच लागतं असं कुणी म्हणालं तर विचारा, २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर, दीड वर्ष आधीच वेगळे राहत असाल आणि पोटगी, मुलांचं सगळं ठरलेलं असेल, तर कोर्ट ते माफ करू शकतं. आणि पोटगीच्या रकमेत टक्का मागणारा भेटला तर उठून या, बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांसाठी नियम करणाऱ्या संस्थेच्या, नियमात ते बसत नाही.

पहिल्या भेटीला पैसे, सही काही नाही, नुसतं बोलून या. एकटीने जायचा धीर होत नसेल तर मला कळवा, शिवाजीनगरला मी येते सोबत.